एका बाजूने बांधलेली होडी

बिल्डिंगमध्ये त्यांना आडनावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवण्यात उभी हयात गेली, म्हणून ते बत्तीशीवाले काका. काकूंना या नावाचा राग नव्हता. "लोकांच्या हसण्यावर आमचं घर चाललं," असं त्या नव्या शेजारणीला आपणहून सांगून टाकत, म्हणजे तिला मागाहून कुजबुजायची तसदी पडत नसे.

काकांचा दुसरा नाद होड्यांचा. खऱ्या होडीत ते जन्मात एकदाच बसले होते आणि सगळा वेळ काठ घट्ट धरून होते. त्यांच्या होड्या लांबट खोक्यातून घरी येत: मधला लाकडी कणा, फासळ्या, पातळ पट्ट्यांची जुडी, दोऱ्याचं रीळ आणि चित्रांचं पत्रक. नदीपार नेणारी होडी, खाडीत जाळं टाकणारी होडी, सपाट बुडाची मालवाहू नाव अशा जुन्या धाटणीच्या छोट्या होड्याच ते जोडत. मोठ्या गलबतांच्या वाटेला जात नसत. "नुसता शिडांचा बाजार," म्हणत. कवळीचं मेण कोरायची सुरी होडीलाही चाले. पट्ट्या दाबून धरायला चिमटे मात्र काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून जात, आणि एखादी चादर उडून खालच्यांच्या खिडकीत अडकली की नवी होडी सुरू झाल्याचं साऱ्या बिल्डिंगला कळे.

त्या वर्षी काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे. लॅबच्या मालकीणबाईंचा फोन आला, "काका, तुमच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलेलं नाही. कधी येताय?" काका "बघतो" म्हणाले आणि बघतच राहिले. भिंतीवरची अक्षरं वाचणं वेगळं आणि मेणात दात बसवणं वेगळं. एक दाढ केसभर उंच राहिली तरी त्या माणसाला घास चावता येत नाही, आणि तो शिव्या दातांच्या डॉक्टरला देतो.

म्हणून काकांनी स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एक नवं किट आणलं, दोघांनी वल्हवायची मासेमारीची होडी. ती नीट उतरली तर लॅबमध्ये परत जायचं. नाही उतरली तर काम सोडायचं. हे त्यांनी फक्त काकूंना सांगितलं.

"आणि काम सोडून करणार काय?" काकूंनी विचारलं.

"होड्या."

"ज्या नीट उतरत नाहीत त्या?"

काकांनी खोकं उघडून पत्रक बाहेर काढलं.

होडीच्या अंगाला पट्ट्या लावण्याचा एक नियम आहे. एक पट्टी डावीकडे लावली की तिची जोडीदार लगेच उजवीकडे लावायची. पट्टी कोमट पाण्यात भिजवून वाकवतात आणि वाळताना ती आखडते. दोन्हीकडून सारखी ओढ बसली तर कणा सरळ राहतो. हे काकांना झोपेतही सांगता आलं असतं. पण यावेळी त्यांना निकालाची घाई होती. एक बाजू तरी पुरी झालेली बघू, मग कळेल डोळा कुठवर साथ देतो, असं म्हणत त्यांनी उजवीकडच्या सगळ्या पट्ट्या एका दमात लावून टाकल्या. दिव्याखाली धरून पाहिलं. पट्ट्या अशा बसल्या होत्या की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. काका खूश होऊन जेवायला उठले. काकूंनी वाढताना ते गुणगुणत असल्याचंही ऐकलं.

सकाळी होडीचा कणा केळ्यासारखा वाकला होता.

नेमका त्याच दिवशी काकूंचा धाकटा भाऊ आला. त्याने होडी हातात घेतली, डोळ्यासमोर धरली आणि म्हणाला, "भाऊजी, ही वळणावर आहे वाटतं."

"ठेव ती खाली," काकू म्हणाल्या.

"अगं ताई, वाईट कुठे म्हणतोय? कपाटात ठेवायची, चांगली बाजू बाहेर. तिला काय पाण्यात जायचंय?"

"तुझ्या तोंडात कवळी बसवतील तेव्हा सांगशील का, चांगली बाजू बाहेर ठेवा म्हणून?"

भावाने होडी खाली ठेवली आणि चहा संपवला.

तो गेल्यावर काकांनी वहीच्या कागदाची एक पट्टी कापली आणि होडीच्या प्रत्येक सांध्यात सरकवून पाहिली. एकातही शिरली नाही. काकू समोर येऊन बसल्या.

"म्हणजे डोळा चांगला आहे," त्या म्हणाल्या.

"डोळा चांगलाच आहे. डोळा बिघडला असता तर चष्मा बदलून भागलं असतं. मी नियमच विसरलो. विसरलो तेही खरं नाही, मला माहीत होता. म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

"मग सोडताय का काम?"

काका बराच वेळ होडी उलटीसुलटी करत राहिले. ठरलं होतं त्याप्रमाणे काम सोडायला हवं होतं. पण एकही सांधा उघडा नसताना हात वर करायचे, हेही त्यांना पटेना. शेवटी त्यांनी मालकीणबाईंना फोन लावला.

"येतो उद्यापासून. पण एक आहे बाई. माझ्या हातची कवळी तुम्ही तपासल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही."

मालकीणबाई काकांच्याच हाताखाली काम शिकल्या होत्या. वडिलांची लॅब त्यांच्याकडे आली त्याच्या कितीतरी आधीपासून काकांचं काम कुणी तपासत नसे.

"मी? तुमचं तपासू?"

"तुम्हीच. उगाच मान ठेवायचा नाही."

"बरं. पण मग कुरकुरायचं नाही हं काका. मी चुका काढताना तोंडाळ आहे. तुमच्याकडूनच शिकलेय."

दुसऱ्या दिवशी काका खुर्चीत बसले. मेण तापवलं, दात लावले, वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर टेकवून पाहिले आणि साचा मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाजूच्या बाकांवरच्या माना वर झाल्या. मालकीणबाईंनी दातांमध्ये ठसा उमटवणारा निळा कागद धरला, साचा दोनदा मिटला आणि उघडला. मागच्या दाढेवर निळा ठिपका उमटला होता, बाकीच्यांपेक्षा गडद.

"काका, इथे टेकतंय आधी. दिसतंय?"

काका वाकले. "दिसतंय," म्हणाले आणि साचा परत घ्यायला हात पुढे केला.