गार वायर

कात्रजला ट्रक थांबायचे तिथं माझी चहाची टपरी व्हती. समोर एक गाड्यांचा वायरमन बसायचा. नाव कधी इचारलं न्हाई. वायर जोडली की तिच्यावर उलटा हात ठेवून बसायचा, लेकराचा ताप बघितल्यागत.

माझे मालक ट्रकमध्येच जळून गेले. डिझेल पंपाची वायर पेटली, असं लोक म्हणाले. पुढं लेकबी डायवरच झाला. एकदा त्याच्या ट्रकचा पंप बंद पडला. मंडईचा माल भरलेला, म्हणून तो वायरमनला म्हणला, "काका, वायर डायरेक्ट बॅटरीला जोडा. रिले-बिले नंतर."

"मग पेटवायला काडीबी देऊ का?"

त्यानं काडेपेटीएवढा रिले बसवला, फ्यूज घातला. म्हणला, "आता करंट जास्त झाला तर फ्यूज उडंल, वायर पेटायची न्हाई." तासभर गेला. लेक धुसफुसत फेऱ्या मारत व्हता.

मी चहा दिला, तवा वायरमन खाली बघत म्हणला, "एकदा मीच घाईत डायरेक्ट जोडली व्हती, मावशी. डायवर वाचला न्हाई."

कुठली गाडी, हे माझ्या ओठावर आलं व्हतं. इचारलं न्हाई. इचारून माणूस थोडाच परत येणार व्हता.

इंजिन चालू झालं. त्यानं वायरीवर उलटा हात ठेवला, मग मला म्हणला, "तुमीबी बघा."

वायर गार व्हती. मी लेकाला म्हणलं, "जा आता."