दोन वर्षांचा ड्रॉप

“हिनं नीटसाठी दोन वर्सं ड्रॉप घेतलता की. मग म्हटली, डाक्टरकी नगं, इतिहास शिकतो. आता दिल्लीत नंबर लागलाय,” हातकणंगले स्टेशनच्या बाकावर आक्का, म्हणजे माझी थोरली आत्या, शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होती. मी बॅगेची चेन पुन्हा तपासली. मिरजेची गाडी येईपर्यंत आई रुळांकडे बघत राहिली.

मी ड्रॉप घेतलाच नव्हता. बारावीचं निम्मं वर्ष पाठदुखीत गेलं, परीक्षा कशीबशी दिली आणि मणक्याचा टीबी निघाला. आठ महिने झोपून, नंतर पट्टा बांधून. हा पसरत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तरी आईनं गल्लीकडची खिडकी लावून घेतली आणि आक्कासकट सगळ्यांना ‘ड्रॉप’ सांगितलं. आमच्याकडे चार घरांआड नीटचं एक पोर असतं. ‘ड्रॉप’ म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. मला मात्र वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांपैकी कोण चहा अर्धा ठेवतं, ते मी आतून बघत असे.

प्रवेशासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागलं. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टनं कारण विचारलं. “घरगुती लिवा की,” माझे वडील, आप्पा, म्हणाले.

पहिला इंटरव्ह्यू, दुसऱ्याच एका कॉलेजचा, लॅपटॉपवर झाला. कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं आई समोर बसली होती. ‘दोन वर्षं मेडिकलची तयारी केलीत, मग इतिहास का?’ असा प्रश्न आला, तेव्हा मी आईकडे बघितलं. त्यांच्या लेखी मी नीट न निघालेली मुलगी होते. त्या कॉलेजात नाव लागलं नाही.

शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमना आजाराचं माहीत होतं; त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, “दिल्लीच्या अर्जात आजारपणाबद्दल लिही. असल्या गोष्टी तिकडे आवडतात.” याची मला जास्त भीती वाटली. घरी जे झाकायचं, ते तिथं विकायचं?

दुसऱ्या, दिल्लीच्या इंटरव्ह्यूला मी खोलीचं दार आतून लावलं. आईला सांगितलं, पंख्याचा आवाज येतो, बाहेर बस. पंखा बंद होता.

दिल्लीत जेवताना मुली वडिलांचं दारूचं व्यसन, स्वतःच्या झोपेच्या गोळ्या, सगळं सहज सांगतात. मी ऐकते आणि बघत राहते, कुठली गोष्ट कुणाकडे पोचते. मला कीव करून घेतलं असेल, हा संशयही अजून आहे. इथं माझ्याबद्दल लोक काय म्हणतील याची काळजी कुणालाच नाही. ही मोकळीक हवीच होती. पण घर म्हणजे काय, तेही इथंच कळलं: माझ्यासाठी दोन वर्षं रोज न चुकता खोटं बोलणारं माणूस जिथं आहे, ते. आणि त्या माणसालाच मी दाराबाहेर बसवलं होतं.

गेल्या रविवारी आईचा फोन आला.

“हास्टेलात कुणाला काय बोलली न्हाईस न्हवं? पोरी लई चौकशा करत्यात.”

“नाही.”

“झालं मग. ड्रॉपचंच सांगायचं. माझं ऐकलंस म्हणून सीट मिळाली की तुला.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हाईस न्हवं गं?”

“आहे. आई, इंटरव्ह्यूत मी टीबीच सांगितला होता. तरी त्यांनी मला घेतलं.”