स्लॅब पडला, पेढे वाटले

आमच्या कंपनीत इमारतीपेक्षा किस्से लवकर उभे राहतात. नाशिकला आम्ही फ्लॅट बांधतो, पण मालकी मुंबईच्या एका मोठ्या ग्रुपची, आणि त्यांचा मूळ धंदा बिस्किटांचा. त्यामुळे आम्ही काय करतो ते मुंबईला कळत नाही आणि मुंबई काय विचारते ते आम्हाला. मी कस्टमर केअरला बसते, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या माझ्याच टेबलावर येतात.

*

दर महिन्याला मुंबईहून फॉर्म येतो. ग्रुपच्या सगळ्या कंपन्यांना एकच. त्यात रकाना होता, 'हाताळताना तुटलेला माल'. आमचे साइट सुपरवायझर खैरनार सरळ माणूस. त्यांनी लिहिलं, 'एक गॅलरी'.

मुंबईने उलट विचारलं, "डीलरला बदलून दिली का?"

*

याच खैरनारांनी एकदा मुंबईला मेसेज टाकला: 'सातवा स्लॅब पडला. सगळे खूश. पेढे वाटले.' बांधकामात स्लॅब 'पडला' म्हणजे काँक्रीट भरून झालं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुंबईच्या सेफ्टीवाल्या साहेबांना नव्हतं. चार तासांत साहेब, एक वकील आणि मागोमाग अ‍ॅम्ब्युलन्स गेटवर हजर.

साहेबांनी घाम पुसत विचारलं, "आत किती राहिलेत?"

खैरनारांनी बॉक्स उघडून पाहिला. "दोनच. लय उशीर केला तुम्ही."

*

मुंबईने ब्रोशरमध्ये छापलं, 'प्रत्येक खिडकीतून गोदावरी'. सायखेड्याहून एक मावशी फ्लॅट बघायला आल्या. सगळ्या खिडक्यांतून वाकून झाल्यावर म्हणाल्या, "नदी कुठंय?"

मी खरं सांगून टाकलं. "नाही दिसत, मावशी."

"नक्की ना? आमच्याकडं पुरात घरात येती ती. दिसत नसंल तर आजच बुक करा."

*

गायकवाड काकांचं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि आमच्याकडे फ्लॅट बुक केला. आम्ही वर्षाचा वायदा केला, त्याला तीन वर्षं झाली. नवरा-बायको भाड्याच्या दोन खोल्यांत, अर्धं सामान अजून खोक्यांत. काका रोज दहाला यायचे, गेटवर सही करायचे आणि माझ्यासमोर बसून विचारायचे, "ताबा कधी?" मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." मला स्वतःचीच लाज वाटायची.

गेटवर स्टाफ आणि पाहुणे यांचं रजिस्टर एकच. मुंबईने हजेरी मागवली, तेव्हा आमच्या मॅनेजरने आळसाने तेच रजिस्टर पाठवून दिलं.

ग्रुपच्या वर्धापनदिनाला मुंबईचे डायरेक्टर साइटवर आले. मांडव, माइक, सगळं. पहिलंच बक्षीस पुकारलं, "सर्वोत्कृष्ट हजेरी, श्री. गायकवाड!" मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. दहा वाजून गेले होते, त्यामुळे काका अर्थातच हजर होते. ते शांतपणे स्टेजवर गेले. शाल घेतली, श्रीफळ घेतलं.

"किती वर्षं झाली आपल्याकडे?" डायरेक्टरांनी कौतुकाने विचारलं.

"तीन."

"डिपार्टमेंट?"

"तिसरा मजला. तीनशे दोन."

"वा. कंपनीकडून काही अपेक्षा?"

काकांनी माइक जवळ घेतला. "साहेब, एकलहऱ्याहून एकदा रिटायर झालोय. आता इथून कधी करताय, तेवढी तारीख सांगा. मंडळी घरी खोकी बांधून बसलीये."