गोठवणाऱ्यांची स्थळं

आमच्या ह्यांना मरायचं नाही. म्हणजे मरायचं आहे, पण तात्पुरतं. रिटायर झाल्यापासून ते मेल्यावर शरीर गोठवून ठेवणाऱ्या संस्थांची तुलना करत बसलेत. आयुष्यभर मँचेस्टरच्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं. माणसाला झोपवायचं आणि पुन्हा उठवायचं. मग शे-दोनशे वर्षांनी आपल्यालाही कुणीतरी उठवील असं त्यांना वाटलं, तर नवल नाही. माझा राग त्यावर नाही.

राग त्या तुलनेवर आहे. तरुणपणी रजा काढून ते पुण्याला मुली पाहायला आले होते. त्या पाहिलेल्यांपैकी मी एक. आता हेही तसंच चाललं होतं. अमेरिकेतल्या संस्थेचा अनुभव दांडगा, पण तिथवर पोचायला उशीर. युरोपातली जवळची, पण नवखी. एका ठिकाणी अख्खं शरीर ठेवतात, दुसरीकडे नुसतं डोकंही चालतं. "मेंदू महत्त्वाचा गं, बाकी सगळं रिप्लेसेबल आहे," हे मला जेवताना सांगायचे, माझ्याच हातची आमटी भुरकत. ज्या डोक्यानं जन्मात माझं ऐकलं नाही, नेमकं तेवढंच जपून ठेवणार.

मुलाला बेसिंगस्टोकला फोन केला. तो इथलाच वाढलेला. म्हणाला, "आई, इट्स बाबांचा चॉईस ना? तू व्हाय आर यू सो अपसेट?"

का नसावं? दर वटपौर्णिमेला आमच्या मंडळातल्या बायका इथे वड नाही म्हणून कुंडीतल्या फायकसला दोरा गुंडाळतात आणि सात जन्म हाच नवरा मागतात. मीही उपाशीपोटी तेच मागत आले. ह्यांचा हाच जन्म संपणार नसेल, तर पुढचे मी कुणाबरोबर काढायचे? हे मी मुलाला इंग्रजीत सांगू शकले नाही, म्हणून आणखीच चिडले.

मग एका रविवारी दुपारी ह्यांनी एका संस्थेच्या माणसाशी व्हिडिओ कॉल लावला आणि मलाही शेजारी बसवलं. माणूस फार सभ्य होता. शेवट जवळ आला की घरच्यांनी आम्हाला कळवायचं, म्हणाला. आमची टीम बाहेर थांबेल. डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं सांगितलं की लगेच बर्फ, लगेच छातीवर मशीन. त्या वेळी घरच्यांनी खोलीबाहेर जायचं. मी विचारलं, आमच्यात जवळ बसतात, तोंडात गंगेचं पाणी घालतात, त्याचं काय? तो हळुवारपणे म्हणाला, ते सगळं आधी उरकून घ्या.

ह्यांनी म्यूट केलं आणि माझ्याकडे वळले. "दुसरी संस्था त्या बाबतीत फ्लेक्सिबल आहे. थोडा वेळ देतात. तो प्लस पॉइंट मी धरलाय."

माझं रडणं प्लस पॉइंटमध्ये धरलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कॉल संपल्यावर विचारलं, "आणि त्या लोकांना कळवायचं कुणी?"

"तू," ते म्हणाले. दूध संपलंय, आणायला जा म्हणावं तसं.

"अहो, आणि मी आधी गेले तर?"

ते वर छताकडे पाहत खरोखर विचार करू लागले. मला वाटलं, आता तरी ह्यांच्या ध्यानात येईल.

"हं, तो इश्यू आहे. मग मुलाचा नंबर द्यावा लागेल."

एवढ्या वर्षांच्या संसारात मी ह्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"आत्ताच द्या त्याचा नंबर," मी म्हटलं. "मी असले तरी फोन करायला उठणार नाही. मी तुमचा हात धरून बसणार आहे."