अक्काची सूज
सत्तावन्नच्या उन्हाळ्यात फ्लूची साथ आली तेव्हा आम्ही देहूरोडला राहत होतो. वडील लष्कराच्या डेपोत कामाला होते, मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. माझी मोठी बहीण अक्का निघोज्याला दिलेली. तिच्या सासरी सगळेच तापाने पडले. सगळ्यांचं करून अक्का शेवटी पडली, आणि ताप उतरायच्या आधीच उठून चुलीपुढे बसली.

महिन्याभराने मी तिला भेटायला गेले. गाल भरलेले, बांगड्या मनगटात रुतलेल्या. सासू हसत म्हणाली, "बग की, अंग कसं धरलंय. गोड बातमी हाय." शेजारीपाजारी तिने सांगूनही टाकलं होतं.

अक्काने मला गोठ्यामागे नेलं आणि पायावर बोट दाबून दाखवलं. पडलेला खळगा भरून येईचना. "दिवसबिवस काही नाहीत गं. लघवी चहासारखी होते. पण यांना कसं सांगू? पहिल्यांदाच धड वागताहेत."

माहेरपणाच्या निमित्ताने मी तिला घेऊन आले. बाजारातल्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी दाटली.

"फ्लूनंतर क्वचित होतं असं," ते म्हणाले. "मूत्रपिंडांना इजा झालीये. मीठ बंद, पूर्ण विश्रांती. आणि मूल इतक्यात नको."

बाहेर आल्यावर अक्काने माझा हात धरला. "सासरी बोलू नकोस. माझं मी बघून सांगेन."

आठवड्याने तिचा नवरा न्यायला आला आणि मी सगळं बोलले. तिला विश्रांती मिळावी म्हणून, असं मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले. खरं तर घरात ‘मूत्रपिंड’ हा शब्द मला एकटीलाच नीट कळला होता, त्याचीही ऐट होती. त्याने चहा संपवला. "राहू द्या बरं वाटेपर्यंत," म्हणाला आणि गेला.

मग सासू आली. "रोगाट पोरगी गळ्यात मारली आमच्या!"

"तुमच्याच घरात ताप घेतला तिने, तुमचं करता करता," मी म्हणाले.

"आमी बी पडलोच की! आमाला का न्हाई काय झालं?"



दिवाळीच्या सुमारास अक्काच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. एक बायको असताना दुसरी करायला बंदी घालणारा कायदा नुकताच झाला होता, पण वडील म्हणाले, "कोर्टात पोरीच्या लघवीची चर्चा करायची का?" तेवढ्यावर विषय मिटला.

थंडीत पुन्हा नळी तापवली तर पाणी स्वच्छ राहिलं. डॉक्टर खूश झाले. "नशीबवान आहेस. आता जा सासरी." अक्काने फीचे पैसे टेबलावर ठेवले आणि आम्ही निघालो.

वाटेत अक्का म्हणाली, "तू थांबली असतीस तर..."

"तर तिथेच राबता राबता मेली असतीस."

"असेलही. पण मला विचारायचं होतंस."

पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो. काय दुखतंखुपतं, ते तिने मला पुन्हा कधी सांगितलं नाही.