आत्याच्या दारातली जीप

गवती चहाचा वास आला की जानेफळच्या फाट्यावर तंग चड्डीत उभा असलेला मीच मला दिसतो. शर्यतीतलं धरणात पोहून झालं होतं, सायकल हाणून झाली होती, आता पळायचं होतं. माझा मदतीचा ताफा म्हणजे बाबा आणि त्यांची जीप. पळायचे बूट त्या जीपमध्ये, आणि फाट्यावर थांबायची ती जीप गावात आत्याच्या दारात. सायकलच्या टकटकत्या बुटांवर घसरत मी तिथं पोचलो, तर बाबा बाजेशी बसून आजारी आत्याला बशीतून गवती चहा पाजत होते. “बाबा, माहे बूट कुठी हायेत?” मी ओरडलो. “बहिनीच्या दारावरून तसंच निंगून जाव काय बे?” बाबा म्हणाले. आत्या माझ्याकडे बघून हसली, “चड्डी तं पुरी घालाव ना बापू. बस, घोटभर घे.” बसलो, जीभ भाजून घेतली, पळालो, आणि शर्यत पुरी करायची ठरलेली वेळ त्या एका चहाएवढ्यानंच हुकली. परतताना मी बाबांशी बोललो नाही. महिनाभरात आत्या गेली. यंदा पुन्हा तीच शर्यत होती. बाबा माझ्या कितीतरी आधी फाट्यावर येऊन उभे होते, माझ्या पळायच्या बुटांच्या नाड्या सैल करून.