शेजाऱ्यांचा कूलर

चंद्रपुरात, परकोटाच्या आत आमची गल्ली आहे. तिच्यातून एक माणूस आणि एक म्हैस एकाच वेळी जाऊ शकत नाहीत. ज्याचं मन मोठं त्यानं थांबायचं, म्हणून बहुधा म्हैसच थांबते.

समोरचे शेजारी मात्र कधी थांबले नाहीत. दर उन्हाळ्यात त्यांच्या खिडकीबाहेरचा कूलर आणखी मोठा होऊन गल्लीत सरकायचा. त्याच्याच गार हवेत बसून ते जटपुरा गेटवरच्या ठेलेवाल्यांचा उद्धार करत, "लोकायले काई समजतच नाई. रस्ता काय यायच्या बापाचा हाय?"

मागच्या मे महिन्यात माझे वडील गेले. तिरडी नेमकी त्या कूलरपाशी अडली. कोणी काही बोलायच्या आत शेजाऱ्यांनी भरलेला कूलर एकट्यानं ओढून काढला, भिंतीतलं स्टँड उखडलं आणि भर उन्हात घाटापर्यंत खांदा दिला. मला भरून आलं.

या वर्षी नवं स्टँड बसवायला वेल्डर आला. "मागचंच माप ठेवू का?" त्यानं विचारलं.

शेजाऱ्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे नीट पाहिलं.

"एक वीत कमी कर बाप्पा. भाऊचंबी वय होऊन राह्यलं."